रॉकेट पेटलं तर आतल्या प्लुटोनियमचं काय? स्फोट सोडून आगीचाच अभ्यास का करतात?

अभिजित (सातारा) – मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या आकाशदर्शन गटातर्फे मी आसपासच्या शाळांमध्ये मंगळमोहिमांवर बोलतो. परवा 'पर्सिव्हरन्स' गाडीला वीज कुठून मिळते ते सांगत होतो. तिच्यात ४.८ किलो प्लुटोनियम डायऑक्साइड आहे, ऱ्हासातून सुमारे २,००० वॉट उष्णता निघते आणि त्यातून उड्डाणाच्या वेळी साधारण ११० वॉट वीज मिळत होती, वगैरे. नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, रॉकेट वर जातानाच फुटलं तर?" मी म्हटलं, प्लुटोनियमची पेटी आकाशातून खाली कोसळली तरी टिकेल अशीच बनवतात. त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, "आणि खाली पडून आगीतच राहिली तर?"

घरी येऊन वाचायला बसलो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या सँडिया प्रयोगशाळेत अशा मोहिमांच्या सुरक्षेसाठी रॉकेटचं घन इंधन मुद्दाम उघड्यावर जाळून अभ्यास करतात, असं कळलं. माझे प्रश्न असे:

एवढा मोठा स्फोट पचवणाऱ्या पेटीला साध्या आगीची काय भीती? आणि जे रॉकेट वर्षानुवर्षं उडतंय, त्याच्या इंधनाच्या ज्वलनाची माहिती कंपनीकडे असतेच ना, मग ते पुन्हा जाळून नवीन काय कळतं? शिवाय चांद्रयान-३ मध्येही किरणोत्सारी हीटर होते असं ऐकलंय. ते खरं आहे का?

मिलिंद न.

अभिजित सर, फार काळजी करू नका. प्लुटोनियमच्या गोळ्यांवर इरिडियम या धातूचं कवच असतं आणि इरिडियम २,४४६ अंश सेल्सियसला वितळतं. केरोसीनच्या आगीचं तापमान हजार-अकराशे अंशांच्या आसपास असतं. शिवाय द्रव इंधनाचा आगीचा गोळा काही सेकंदांत वर उठून संपतो. म्हणजे तापमानही कमी आणि वेळही कमी. मुलीला हेच सांगा.

शैलजा (पाषाण, पुणे)

मिलिंद, तुम्ही द्रव इंधनाबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. पण अभिजितने विचारलंय घन इंधनाबद्दल, आणि तिथे ही दोन्ही उत्तरं लागू पडत नाहीत. माझी सगळी नोकरी प्रोपेलंटमध्ये (रॉकेटच्या इंधनात) गेली, त्यातला बराच काळ बर्न रेट, म्हणजे ते किती वेगाने जळतं, ते मोजण्यात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घन प्रोपेलंट म्हणजे काय ते बघू. साधारण ७० टक्के अमोनियम परक्लोरेट (आम्ही नुसतं 'एपी' म्हणतो), १६ ते १८ टक्के ॲल्युमिनियमची पूड आणि हे सगळं धरून ठेवणारा रबरासारखा बाइंडर. हाताला खोडरबरासारखं लागतं. एपीमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे या मिश्रणाला जळायला बाहेरच्या हवेची गरजच नाही.

रॉकेट उड्डाणानंतर काही सेकंदांत फुटलं की घन इंधनाचा बूस्टर (बाजूला लावलेलं जोड-रॉकेट) फुटतो आणि त्याचे तुकडे पेटलेल्या अवस्थेत खाली येतात. १७ जानेवारी १९९७ ला अमेरिकेतल्या केप कॅनाव्हेरल तळावर डेल्टा-२ रॉकेट उड्डाणानंतर १३ सेकंदांनी फुटलं. बूस्टरचे जळते तुकडे पाऊस पडावा तसे खाली आले आणि पार्किंगमधल्या गाड्या जळाल्या. त्यात जीपीएस उपग्रह होता, प्लुटोनियम नव्हतं. पण सुरक्षा तपासणाऱ्यांना त्या चित्रात नेमकी अडचण दिसते. पेटी स्फोटातून शाबूत सुटेल, जमिनीवर पडेल आणि तिच्या शेजारी किंवा तिच्या अंगावरच जळत्या प्रोपेलंटचा मोठा तुकडा येऊन पडेल. स्फोट क्षणभराचा असतो. हा तुकडा जळतच राहतो.

किती वेळ? अभिजित, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. बर्न रेट दाबावर अवलंबून असतो. मोटरच्या, म्हणजे घन इंधन भरलेल्या बंद नळकांड्याच्या, आत वातावरणाच्या काही दहापट दाब असतो, तिथे प्रोपेलंट सेकंदाला सहा ते दहा मिलिमीटर जळतं. उघड्यावर तेच प्रोपेलंट सेकंदाला एक-दोन मिलिमीटरच जळतं. दीड मिलिमीटर धरून चालू. तीस सेंटिमीटर जाडीचा तुकडा एका बाजूने जळत गेला तर २०० सेकंद लागतात, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त. अर्धा मीटर जाड असेल तर साडेपाच मिनिटं. तेवढा वेळ पेटी त्या ज्वाळेत राहणार. कंपनीकडची सगळी माहिती मोटरच्या दाबावरची असते, कारण त्यांना रॉकेट उडवायचं असतं. एक वातावरण दाबावर काय होतं हे विचारायची त्यांना वेळच येत नाही. आम्हीसुद्धा स्ट्रँड बर्नरमध्ये (बर्न रेट मोजायच्या बंद भांड्यात) नायट्रोजनचा दाब भरूनच कांडी जाळायचो. उघड्यावर जळायचं ते फक्त ट्रिमिंगचं टाकाऊ प्रोपेलंट, बर्निंग पिटमध्ये, आणि तिथे कोणी मोजायला थांबायचं नाही. आता वाटतं, तिथेही मोजायला हवं होतं, फार शिकण्यासारखं होतं त्यात.

आता तापमान. ॲल्युमिनियमची पूड जळताना पृष्ठभागावरच वितळते, कण एकमेकांना चिकटतात आणि मोठे थेंब होतात. दाब कमी असला की हे थेंब आणखी मोठे होतात आणि वायूचा वेगही कमी असल्यामुळे ते पृष्ठभागाच्या जवळपासच जळत राहतात. अशा ज्वाळेचं तापमान २,००० अंशांच्या बरंच वर जातं. शिवाय तिथे नुसता गरम वायू नसतो, वितळलेल्या ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम जळून होणाऱ्या ऑक्साइडचे) थेंबही असतात. ॲल्युमिना २,०७२ अंशांना वितळतं. हे थेंब समोरच्या वस्तूवर आपटतात आणि आपली उष्णता थेट तिला देतात. वस्तू थंड असेल तर तिच्यावर गोठून कवच धरतात आणि मग तेच कवच पुढची उष्णता अडवतं. यातलं कोणतं जास्त होतं, हे वस्तूचा आकार, तिचं अंतर आणि ती तुकड्याच्या वर आहे की खाली, यावर ठरतं. हे गणितातून काढण्याआधी जाळून बघावंच लागतं.

मोजणंही सोपं नाही. नेहमीचं के-टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) १,३७० अंशांच्या आसपास हात टेकतं. टंगस्टन-ऱ्हेनियमचं वरपर्यंत जातं, पण ऑक्सिजन मिळाला की खराब होतं. बाहेरून प्रकाश मोजून तापमान काढावं तर ॲल्युमिनाचा धूर स्वतःच झगमगत असतो, त्यामुळे दिसतो तो ज्वाळेचा बाहेरचा थर, आतलं काही दिसत नाही. म्हणून ज्वाळेत एक जाड ठोकळा ठेवतात, त्याच्या पोटात तापमान मोजतात आणि त्यावरून उलट गणित करून पृष्ठभागाला किती उष्णता मिळाली ते काढतात. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे. ज्यांनी हे केलंय, त्यांनी कपडे, डोळे आणि उपकरणं सगळं पणाला लावलेलं असतं.

आणि मिलिंद, इरिडियमच्या २,४४६ अंशांवर थांबू नका. गोळीच्या बाहेर इरिडियम, त्याच्या बाहेर ग्राफाइटचं कवच आणि सगळ्यात बाहेर कार्बन तंतूंच्या विणीचं आवरण असतं. इरिडियम आणि कार्बन एकमेकांना चिकटून तापले तर दोघांचं मिश्रण २,२९० अंशांच्या आसपासच वितळायला लागतं. म्हणजे कवचाची खरी मर्यादा दीडशे अंशांनी खाली आली. प्रोपेलंटच्या आगीच्या बाबतीत हे दीडशे अंश फार महत्त्वाचे आहेत.

कवच गेलंच तर पुढे काय? प्लुटोनियम-२३८ अल्फा कण सोडतं, ते कातडीलाही भेदत नाहीत. धोका ते शरीराच्या आत गेलं तर. म्हणून इंधन मुद्दाम सिरॅमिक रूपात असतं. आपटलं तर खडे होतात, आणि पाण्यात ते सहज विरघळत नाही. खडा जमिनीवर पडला तर तो उचलता येतो. पण २,००० अंशांच्या वर सिरॅमिकची थोडी वाफ होऊ लागते, आणि वाफ थंड झाली की अतिसूक्ष्म कण होतात. ते श्वासातून फुप्फुसात जाऊन बसू शकतात. आगीचा अभ्यास नेमका यासाठी करतात. स्फोट इंधनाचे मुख्यतः तुकडे करतो, पण वाफ करून श्वासात जाईल इतकं बारीक ते आग करू शकते. दिलासा एवढाच की त्याच धुरात ॲल्युमिनाचे कण असतात आणि प्लुटोनियमची वाफ त्यांच्यावर जमू शकते. कण मोठा झाला की तो लवकर खाली बसतो आणि फुप्फुसात खोल जात नाही. किती वाफ कोणत्या आकाराच्या कणावर जमते, हेसुद्धा मोजूनच कळतं. प्रयोगात अर्थातच प्लुटोनियम जाळत नाहीत, त्याच्या जागी सिरियम ऑक्साइडसारखा पर्याय वापरतात.

चांद्रयानाबद्दल: हो, खरं आहे. चांद्रयान-३ च्या प्रोपल्शन मॉड्यूलमध्ये एक-एक वॉटचे दोन किरणोत्सारी हीटर होते, अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने बनवलेले. विक्रम लँडरमध्ये नव्हते.

प्रकाश (तारापूर एमआयडीसी)

शैलजाताई, मी रासायनिक कारखान्यांच्या अग्निशमनात काम करतो. प्रोपेलंट हवेशिवाय जळतं म्हणजे फोम, वाळू, कार्बन डायऑक्साइड सगळं निकामी. मग तळावर आग विझवण्याचा बेत काय असतो? पाण्याने तुकडे गार ठेवता येतात का? आम्हाला तर ॲल्युमिनियम पेटलं की पाणी टाकू नका असंच शिकवतात.

शैलजा (पाषाण, पुणे)

प्रकाश, तुमचं शिक्षण बरोबर आहे. जळता तुकडा गुदमरवून विझत नाही. जळू देणं, माणसं लांब ठेवणं आणि आजूबाजूचं पेटू न देणं, एवढंच हातात असतं. तेही लांबून, कारण धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो. ओलाव्याच्या संपर्कात आला की आम्ल होतं, डोळे आणि घसा दोन्ही जातात. तुम्ही एमआयडीसीत हे अनुभवलं असेल.

म्हणूनच मी आगीबद्दल एवढं लिहिते. ही आग लागल्यावर कोणी शूरपणे आत शिरून पेटी बाहेर ओढणार, असा बेत करताच येत नाही. जे काही करायचं ते उड्डाणाच्या आधी, पेटीच्या रचनेत करावं लागतं. श्रीहरिकोट्याला २३ फेब्रुवारी २००४ ला घन प्रोपेलंटच्या आगीत सहा जण गेले. त्याच्या सहा महिने आधी, ऑगस्ट २००३ मध्ये, ब्राझीलच्या अल्कांतारा तळावर उभं रॉकेट अचानक पेटून २१ जण गेले. त्या दोन्ही बातम्या आल्या तेव्हा आमच्या विभागात दिवसभर कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. प्रोपेलंट पेटल्यावर दुसरी संधी मिळत नाही.

एक व्यावहारिक तुलना. किरणोत्सारी पदार्थ रस्त्याने नेतानाच्या मजबूत पेट्यांची जी आंतरराष्ट्रीय आग-चाचणी आहे, ती ८०० अंशांना ३० मिनिटं असते. टँकर उलटून लागणाऱ्या आगीसाठी ती चांगली आहे. प्रोपेलंटच्या आगीत वेळ कमी पण तापमान कितीतरी जास्त असतं, त्यामुळे त्या प्रमाणपत्रावर इथे भागत नाही.

वैशाली क.

सगळं वाचलं. पण मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. हे वर न्यायचंच कशाला? २१ एप्रिल १९६४ ला अमेरिकेचा ट्रान्झिट उपग्रह कक्षेत पोचला नाही आणि सुमारे एक किलो प्लुटोनियम वातावरणात जळून जगभर पसरलं. १९६५ मध्ये नंदादेवीवर अमेरिकन आणि भारतीय गुप्तचर खात्यांनी नेलेलं प्लुटोनियमचं यंत्र हरवलं, ते आजही सापडलेलं नाही. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंना त्यावर संसदेत निवेदन करावं लागलं. 'जुनो' यान गुरूपाशी सौर पंखांवर चालतं. मग 'आम्ही जाळून तपासलंय' हे ऐकून लोकांनी गप्प बसावं का?

शैलजा (पाषाण, पुणे)

वैशाली, गप्प बसू नये. तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं खरी आहेत आणि ती झाकून ठेवण्यात कोणाचंच भलं नाही.

१९६४ ला ते यंत्र उंचावर जळून विखुरावं अशीच रचना होती. त्या काळी तोच सुरक्षेचा मार्ग मानला जायचा. त्या घटनेनंतर विचार पालटला आणि काहीही झालं तरी इंधन अखंड खाली यावं, असं ठरलं. त्याचा पुढचा दाखला म्हणजे १८ मे १९६८. निंबस हवामान उपग्रहाचं रॉकेट कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून निघाल्यावर भरकटलं म्हणून ते हवेतच मुद्दाम फोडलं. त्यातल्या दोन प्लुटोनियम पेट्या सांता बार्बराच्या समुद्रात पडल्या, काही महिन्यांनी तळाशी सापडल्या आणि त्यातलं इंधन पुढच्या निंबस-३ मध्ये वापरलं. अपोलो-१३ ची पेटीही १९७० मध्ये वातावरणातून परत येऊन पॅसिफिकमध्ये टोंगाजवळच्या खोल गर्तेत गेली.

पण नीट पाहिलं तर ही दोन्ही यशं पाण्यातली आहेत. घन प्रोपेलंटच्या जळत्या ढिगात पेटी पडली आणि टिकली, असा एकही खरा प्रसंग नाही. तो होऊ नये हीच इच्छा, पण म्हणूनच त्याबद्दल अनुभवातून काही शिकता येत नाही. 'आजवर काही झालं नाही' हे इथे उत्तर म्हणून मी स्वीकारणार नाही. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर फुटलं तेव्हा पुढच्या मे महिन्यात दोन शटलमधून युलिसिस आणि गॅलिलिओ ही प्लुटोनियमवर चालणारी यानं जाणार होती. त्यानंतर त्यांच्या सुरक्षेचा सगळा हिशोब नव्याने मांडला. गॅलिलिओ १९८९ मध्ये उडालं आणि युलिसिस १९९० मध्ये. मधली वर्षं मला वाया गेलेली वाटत नाहीत.

गरज आहे का, हा प्रश्न प्रत्येक मोहिमेला वेगळा विचारावा. गुरूपर्यंत सौर पंख चालतात, हे जुनोने दाखवलंच. शनीपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या साधारण नव्वदाव्या हिश्शाएवढा असतो, आणि टायटन या शनीच्या चंद्रावरच्या दाट धुक्याखाली त्याहून कमी. तिथे पर्याय दिसत नाही. चंद्रावर १४ दिवसांच्या रात्रीत यंत्र जिवंत ठेवायचं असेल तर एक वॉटचा हीटरही मोलाचा ठरतो. विक्रमला ती रात्र काढता आली नाही.

लोकांना आकडे मिळायला हवेत, हे मात्र शंभर टक्के मान्य. पर्सिव्हरन्सच्या उड्डाणाआधी नासाने जाहीर केलं होतं की प्लुटोनियम बाहेर पडेल असा अपघात होण्याची शक्यता ९६० मध्ये एक आहे. हा आकडा फार छोटा नाही. तो लपवला नाही, लोकांनी त्यावर आक्षेप घेतले, आणि केनेडी केंद्राभोवती हवेचे नमुने घेणारी यंत्रं लावूनच ३० जुलै २०२० ला उड्डाण झालं. मला हीच पद्धत योग्य वाटते. त्या ९६० मागे जे गणित आहे, त्यातली आगीची बाजू भक्कम व्हायला प्रोपेलंट जाळूनच पाहावं लागतं. नाहीतर आकडा निघतो, पण त्यात अंदाज भरलेला असतो.

मिलिंद न.

ताई, लहान हीटरसाठी एवढी काळजी लागते का? एक वॉट म्हणजे इंधन किती असणार?

शैलजा (पाषाण, पुणे)

अमेरिकी हीटरमध्ये सुमारे २.७ ग्रॅम प्लुटोनियम डायऑक्साइड असतं. सगळा हीटर जेमतेम ४० ग्रॅमचा, उंची सव्वातीन सेंटिमीटर. कॅसिनी यानात असे शंभराहून जास्त होते. त्याचं आतलं कवच इरिडियमचं नसून प्लॅटिनम-ऱ्होडियमचं असतं आणि ते २,००० अंशांच्या आतच वितळतं. म्हणजे इंधन कमी, पण कवचही आगीपुढे कमजोर. बाहेरच्या कार्बन आवरणावर भिस्त. शिवाय वस्तू जेवढी लहान तेवढी लवकर तापते. म्हणून लहान हीटरची आगीची तपासणी वेगळी करावी लागते, मोठ्या पेटीचे निष्कर्ष त्याला लावता येत नाहीत.

अभिजित (सातारा)

शैलजाताई, खूप आभार. मला पुढच्या व्याख्यानात 'ड्रॅगनफ्लाय'बद्दल सांगायचंय. टायटनवर जाणारं तेही प्लुटोनियमवरच चालणार ना? त्याच्या रॉकेटला घन बूस्टर आहेत का? आणि आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटचं काय?

शैलजा (पाषाण, पुणे)

हो, ड्रॅगनफ्लायही प्लुटोनियमवरच चालणार. ते जुलै २०२८ मध्ये फाल्कन हेवी रॉकेटवरून जायचं आहे. त्या रॉकेटचे तिन्ही गाभे (खालची तीन मुख्य रॉकेटं) आणि वरचा टप्पा केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालतात, बाजूला घन बूस्टर नाहीत. त्यामुळे जळत्या प्रोपेलंटखाली पेटी सापडण्याचा धोका तिथे फार कमी होतो. त्याऐवजी केरोसीन आणि ऑक्सिजन मिसळून होणाऱ्या स्फोटाचा दाब आणि उडणारे तुकडे यांचा हिशोब पुढे येतो. पर्सिव्हरन्सच्या ॲटलस-५ ला मात्र चार घन बूस्टर होते, आणि २००६ मध्ये प्लुटोकडे गेलेल्या न्यू होरायझन्स यानाच्या ॲटलसला पाच. शिवाय न्यू होरायझन्सला यानाच्या अगदी खाली घन इंधनाचा तिसरा टप्पाही होता. पेटीपासून सगळ्यात जवळचं प्रोपेलंट कोणतं, हे व्याख्यानात चित्र काढून दाखव.

एलव्हीएम-३ ला एस-२०० चे दोन बूस्टर आहेत, प्रत्येकात सुमारे २०५ टन घन प्रोपेलंट. उड्डाणमार्ग बंगालच्या उपसागरावरून जातो, त्यामुळे तुकडे जमिनीवर पडण्याचा काळ सुरुवातीचा, थोडाच. पण तो काळ असतोच. पुढे आपण एक वॉटवरून शंभर वॉटवर गेलो, तर एस-२०० च्याच मिश्रणाचे ठोकळे आपल्याच वाळूवर आणि काँक्रीटवर, आपल्या दमट हवेत जाळून मोजले पाहिजेत, कवचाच्या नमुन्यांसकट. ॲल्युमिनियमच्या कणांचा आकार आणि एपीची जात बदलली की थेंबांचा आकार बदलतो, म्हणून परदेशी मोजमापं जशीच्या तशी उचलता येणार नाहीत. आणि निकाल छापून लोकांपुढे ठेवले पाहिजेत. हे काम करणारी माणसं आपल्याकडे आहेत, प्रोपेलंट आपलं आहे, जागाही आहे. तुमच्या गटातून कोणी इंजिनिअरिंगला असेल आणि या विषयात प्रोजेक्ट करायचं असेल तर इथेच निरोप टाका. दोन रंगांच्या प्रकाशावरून तापमान कसं काढतात, तिथून सुरुवात करून देईन.